हेन्री रायफलचं तोंड: एका झडपेने सुटलेला प्रश्न

हेन्री ही १८६० च्या दशकातली अमेरिकन रायफल. ती भरायची कशी, ते आधी नीट पाहू. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

बॅरलच्या खाली, तिला चिकटून, दुसरी एक नळी असते. हे मॅगझीन. त्यात ०.४४ इंची १५ काडतुसं एकामागे एक निजलेली असतात. त्यांच्या पुढे एक लांब स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला काडतुसांना मागे रेटणारा एक तुकडा, त्याला फॉलोअर म्हणतात. या फॉलोअरला एक छोटं पितळी बोंड आहे. मॅगझीनच्या पोटाला जवळजवळ पूर्ण लांबीची एक खाच आहे, आणि बोंड त्या खाचेतून बाहेर डोकावतं. भरायची वेळ आली की दस्ता जमिनीला टेकवायचा, अंगठ्याने बोंड पकडायचं आणि स्प्रिंग दाबत दाबत ते थेट तोंडापर्यंत ओढत न्यायचं. मग बॅरलच्या टोकावरची साधारण ५ इंचांची बाही बाजूला फिरवायची. आता मॅगझीनचं तोंड उघडं. त्यातून एकेक काडतूस बुडाच्या बाजूने आत सोडायचं. पंधरा झाली की बाही पुन्हा जागेवर फिरवायची आणि फॉलोअर हळूच काडतुसांवर टेकवायचा. बोंड हातातून निसटलं तर स्प्रिंगच्या पूर्ण जोराने तो काडतुसांवर आपटणार.

आमच्या कोकणातल्या घरी शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड छातीसमोर, आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. हेन्रीची वर्णनं आणि आकृत्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आजोबांची ती उभी राहण्याची ढब आठवली. १८६० च्या अमेरिकेतली सर्वांत पुढारलेली बंदूक, एका भरण्यात पंधरा बार काढणारी, आणि भरताना मात्र माणूस ठासणीच्या बंदुकीसारखाच तिच्या तोंडाशी. यंत्ररचनेचं काम करणाऱ्याला ही विसंगती स्वस्थ बसू देत नाही. मलाही दिलं नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. वॉल्टर हंट या अमेरिकन संशोधकाने (सेफ्टी पिन याच माणसाची) १८४८ मध्ये बुडाच्या पोकळीत दारू भरलेल्या गोळीचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी ती गोळी उडवणाऱ्या, बॅरलखाली नळी असलेल्या रायफलचं. ती चालण्यापेक्षा अडायची जास्त. लुईस जेनिंग्जने ती सोपी केली. मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी १८५४ मध्ये आपल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. त्यातून १८५५ मध्ये व्होल्कॅनिक नावाची कंपनी उभी राहिली. तिच्या भागधारकांत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनमधला शर्टांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर होता. कंपनी बुडाली, विंचेस्टरने तिची मालमत्ता उचलली, १८५७ मध्ये न्यू हेवन आर्म्स कंपनी काढली आणि कारखाना बेंजामिन टायलर हेन्रीच्या हाती सोपवला. व्होल्कॅनिकची गोळी फार दुबळी होती, कारण पोकळीत मावेल तेवढीच दारू तिच्यात जायची. हेन्रीने तांब्याच्या पुंगळीचं, कडेत स्फोटक असलेलं काडतूस तयार केलं आणि त्याला साजेशी यंत्रणा बसवली. १६ ऑक्टोबर १८६० रोजी त्याला पेटंट मिळालं.

यंत्रणा खरोखरच देखणी होती. चापाभोवतीची लिव्हर खाली ढकलली की गुडघ्यासारखा सांधा दुमडतो, बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे सरकतो, रिकामी पुंगळी चेंबरमधून, म्हणजे बॅरलमधल्या काडतुसाच्या जागेतून, ओढून काढतो आणि जाता जाता घोडाही चढवतो. त्याच झटक्यात कॅरिअर, म्हणजे काडतूस उचलणारा पितळी ठोकळा, मॅगझीनमधून आलेलं काडतूस घेऊन लिफ्टसारखा वर येतो. लिव्हर परत ओढली की बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये सारतो आणि ठोकळा खाली उतरतो. दोनच हालचाली, आणि दुसरी संपते तेव्हा बंदूक तयार. त्याच काळातली स्पेन्सर रायफलही लिव्हरची होती, पण तिच्यात घोडा अंगठ्याने वेगळा चढवावा लागे.

आता आकड्यांकडे येतो. १८६२ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत हेन्रीची चाचणी झाली. भरण्याचा वेळ न धरता १८७ बार ३ मिनिटं ३६ सेकंदांत निघाले. एक पूर्ण मॅगझीन तर १०.८ सेकंदांत रिकामं झालं. जाहिरातीत आणि लेखांत हेच आकडे फिरतात. त्याच चाचणीत आणखी एक नोंद आहे: भरणं धरून १२० बार ५ मिनिटं ४५ सेकंदांत. मला हाच आकडा जास्त बोलका वाटतो.

हिशोब करून पाहा. पहिल्या नोंदीत एका बाराला सुमारे १.१६ सेकंद पडतात. त्या गतीने १२० बारांना १३९ सेकंद पुरायला हवेत. लागले ३४५. वरचे २०६ सेकंद कुठे गेले? भरण्यात. पंधराच्या हिशोबाने आठ भरणी, म्हणजे एका भरणीला साधारण २६ सेकंद. दोन वेगळ्या फैरींचे आकडे मी शेजारी मांडतोय, त्यामुळे गणित ढोबळ आहे. तरी चित्र स्पष्ट आहे. एकूण वेळातला जवळजवळ साठ टक्के वेळ शिपाई बार काढत नव्हता, बंदुकीच्या तोंडाशी खटपट करत होता. आणि ही चाचणी शांत गोदीतली, काडतुसं हाताशी मांडून ठेवलेली. चिखलात पालथं पडलेल्या किंवा घोड्यावर बसलेल्या माणसाचा हिशोब यापेक्षा वाईटच असणार.

अमेरिकन यादवी युद्धात हेन्री लोकप्रिय झाली, पण सरकारने तिला जवळ केलं असं म्हणता येत नाही. शस्त्रविभागाचे प्रमुख जेम्स रिप्ली यांना ती भरल्यावर फार जड वाटली आणि तिच्यासाठी वेगळं काडतूस पुरवणं नको होतं. सरकारी खरेदी १,७३१ रायफलींवर थांबली. त्याहून कितीतरी जास्त रायफली शिपायांनी आणि राज्यांच्या पलटणींनी आपल्या पैशाने घेतल्या. महिना १३ डॉलर पगार असलेला शिपाई सुमारे ४० डॉलरची बंदूक स्वतःच्या खिशातून घेतो, ही त्या यंत्रणेला मिळालेली मोठी पावती आहे. १८६६ पर्यंत एकूण सुमारे १४,००० हेन्री तयार झाल्या.

याच वापरातून तक्रारी पुढे आल्या. मॅगझीनच्या खाचेतून माती, चिखल, पाणी आत जातं आणि फॉलोअर अडकतो. बॅरल तापली की डाव्या हाताने धरायला जागा नाही, कारण खाली लाकूड नाही. लाकूड का नाही? कारण बोंड त्याच रस्त्याने मागे येत असतं. तेच बोंड दर बाराला थोडं मागे सरकत शेवटी धरलेल्या हाताला येऊन भिडतं. मग हात उचलून बोंडाच्या पलीकडे ठेवावा लागतो. तेवढं ध्यानात राहिलं नाही तर फॉलोअर हाताशी अडतो, काडतूस कॅरिअरमध्ये येत नाही आणि ऐन वेळी रिकाम्या चेंबरवर घोडा पडतो. मॅगझीनची भिंत कुठे पोचली तरी सरकणं बंद. आणि पंधरापैकी चार बार काढून झाले, आता चार परत भरू म्हटलं तर तेही नाही. चार भरायला तीच सगळी उठाठेव, आणि तेवढा वेळ मॅगझीन उघडं पडलेलं.

एकेक तक्रार सुटी घेतली तर प्रत्येकीला वेगळा उपाय सुचतो. खाचेवर पत्र्याचं झाकण. बॅरलवर कातड्याचं वेष्टन. जाड भिंत. छोटं बोंड. कारखान्यात असं रोज घडतं. तक्रारवहीत सहा नोंदी आल्या की सहा ठिगळं लागतात, आणि दरवेळी वस्तू थोडी जड, थोडी महाग होते. इथे मात्र सहाही तक्रारींचं मूळ एकच होतं. काडतूस भरायची जागा पुढे, तोंडाशी होती. काडतूस पुढून आत घालायचं, तर वाटेतली स्प्रिंग आधी हटवायला हवी. स्प्रिंग हटवायची, तर तिला बाहेरून धरायला बोंड हवं. बोंड हवं, तर खाच हवी. खाच आली की धूळ आली, लाकूड गेलं, हाताची जागा गेली. ही साखळी मी एका कागदावर काढून शिकाऊ मुलांना दाखवतो. पहिल्या कडीला हात घातला तर मागच्या सगळ्या आपोआप गळतात, हे त्यांना बोटाने दाखवता येतं.

पहिल्या प्रयत्नांत ही पहिली कडी अर्धीच सुटली. खाच बंद करून संपूर्ण नळीच पुढे सरकवायची, म्हणजे मागच्या बाजूला जागा उघडी पडेल आणि तिथून काडतुसं घालता येतील, अशी योजना झाली. जॉर्ज ब्रिग्ज यांच्या पेटंटातली कल्पना याच वळणाची आहे. धुळीचा त्रास त्यात कमी होतो. पण भरताना बंदूक अजूनही अर्धी सुटलेली राहते, आणि सरकणारे लांब भाग एकमेकांत घट्ट बसले तर अडतात, सैल बसले तर खुळखुळतात. काडतूस आत घालण्यासाठी मॅगझीनलाच हलवायचं, हा आग्रह तिथे सुटलेला नव्हता.

तो नेल्सन किंगने सोडला. किंग याच कारखान्यात होता. हेन्री बाहेर पडल्यावर कारखान्याची देखरेख त्याच्याकडे आली. २२ मे १८६६ रोजी त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ५५,०१२. त्याने नळीकडे पाहिलंच नाही, तो कॅरिअरकडे वळला.

हा ठोकळा खाली असतो तेव्हा मॅगझीनच्या मागच्या तोंडासमोर अगदी एका रेषेत उभा असतो. मॅगझीनमधून काडतूस मागे सरकत याच ठोकळ्याच्या पोकळीत येतं. किंगने हाच रस्ता उलटा वापरला. फ्रेमच्या उजव्या बाजूला एक लांबट भोक, त्यावर आतून दाबून बसणारी, स्प्रिंगसारखी लवचीक झडप. ठोकळ्यालाही मागून वाट करून दिली. आता काडतुसाचं नाक झडपेवर टेकवून अंगठ्याने दाबायचं. झडप आत वाकते, काडतूस ठोकळ्याच्या पोकळीत शिरतं, अंगठा काढला की झडप मिटते आणि काडतुसाला मागे यायला जागा उरत नाही. पुढचं काडतूस त्याला रेटत नळीत ढकलतं. स्प्रिंग प्रत्येक काडतुसाबरोबर थोडी थोडी दबत जाते, तिला आधी ओढून धरायची गरजच नाही. जी ऊर्जा हेन्रीत एकाच दमात द्यावी लागायची, ती इथे सतरा हप्त्यांत दिली जाते.

हे सगळं लिव्हर बंद असताना होतं. म्हणजे चेंबरमधलं काडतूस जागच्या जागी, बंदूक तयार, आणि तरी भरणं चालू. दोन बार काढले, दोन काडतुसं झडपेतून सारली, पुन्हा दोन बार. बंदूक खांद्यावरून खाली घेतली तरी तोंड शत्रूकडेच. घोडेस्वाराला बॅरलच्या टोकापर्यंत हात लांबवायला नको.

आणि मघाची साखळी? नळीला आता ना खाच हवी, ना बोंड. ती पुढून आणि पोटाकडून पूर्ण बंदिस्त झाली. फॉलोअर आतल्या आत राहिला, तेव्हा बॅरल आणि मॅगझीनभोवती लाकडी पकड बसली आणि हात भाजणं थांबलं. हेन्रीत बॅरल आणि मॅगझीन पोलादाच्या एकाच तुकड्यातून काढलेले असत. त्या कामाला किती यंत्रवेळ जात असेल, याची कल्पना लेथ-मिलिंगवर काम केलेल्याला लगेच येईल. आता मॅगझीन ही साधी सुटी नळी झाली. पोचली तर बदलता येते. रायफलमध्ये १७ काडतुसं मावू लागली.

किंमत काहीच मोजावी लागली नाही असं नाही. या यंत्रणेत काडतुसाच्या लांबीला आधीही महत्त्व होतं, ते तसंच राहिलं. ठोकळ्याची पोकळी बरोबर एका काडतुसाएवढी. काडतूस जरा आखूड निघालं तर मागोमागचं दुसरं अर्धवट आत डोकावतं आणि ठोकळा वर उचलायलाच तयार होत नाही. लांब निघालं तर त्याचंच नाक नळीत राहतं. काडतुसं बनवणाऱ्याला मापाची शिस्त पाळावीच लागायची. शिवाय फ्रेमला बाजूने एक दार आलं आणि रोज शेकडो वेळा वाकणारी एक पातळ स्प्रिंग आली. वाकणारा भाग कधीतरी थकतोच. पण तो मोडला तर काढून बदलता येतो, आणि हेन्रीतली मातीने भरलेली नळी साफ करण्यापेक्षा ते काम सोपं आहे. माझ्या मते हा सौदा अतिशय चांगला होता.

ज्या वर्षांत ही सुधारणा झाली, त्याच वर्षांत कंपनीत भांडण पेटलं होतं. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, अशी हेन्रीची भावना होती. १८६५ मध्ये विंचेस्टर युरोपात असताना कंपनीचा ताबा आणि नाव बदलण्याचा प्रयत्न कनेटिकटच्या विधिमंडळामार्फत झाला. विंचेस्टर परतला आणि त्याने १८६६ मध्ये विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी उभी केली. हेन्री बाहेर पडला. त्यामुळे नव्या रायफलवर नाव आलं विंचेस्टरचं, जो शर्टांच्या धंद्यातून आला होता. आतली चाल हेन्रीची आणि बाजूची झडप किंगची. गनमेटलच्या पिवळ्या फ्रेममुळे लोक तिला 'यलो बॉय' म्हणू लागले.

१८९८ पर्यंत १८६६ च्या मॉडेलच्या सुमारे १,७०,००० बंदुका निघाल्या. हेन्रीच्या बारापट. १८७० आणि १८७१ मध्ये ऑटोमन सरकारने ४५,००० मस्केटी (लांब नळीच्या) आणि ५,००० कार्बाइन (आखूड नळीच्या) मागवल्या. पुढे १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या (आजच्या बल्गेरियातलं शहर) वेढ्यात, तुर्कांवर चालून गेलेल्या रशियन फौजेच्या ३० जुलैच्या हल्ल्यात सुमारे ७,००० माणसं पडली. लांबवर पीबडी-मार्टिनी ही एकबारी रायफल आणि अंगावर आल्यावर विंचेस्टर, असं तुर्कांच्या त्या खंदकांचं वर्णन नेहमी केलं जातं. सगळं श्रेय विंचेस्टरला देणारे मला पटत नाहीत. खंदक, तटबंदी आणि मार्टिनीचा लांबचा पल्ला यांनी आधीच कंबर मोडलेली होती. पण शेवटच्या दोनशे पावलांत खंदकात बसल्या बसल्या झडपेतून काडतुसं सारता येणं आणि उभं राहून तोंडाशी खटपट करणं, यातला फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत, २५ जून १८७६ रोजी, घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या सैनिकांकडे एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. तब्बल शंभराहून जास्त वर्षांनी, १९८३ मध्ये तिथल्या माळावर वणवा लागला, गवत जळालं आणि पुढच्या वर्षी संशोधकांनी धातुशोधक यंत्रं घेऊन जमीन विंचरली. त्यांना ०.४४ हेन्रीच्या पुंगळ्या मिळाल्या. या यंत्रणेच्या बोल्टला काडतुसाच्या कडेवर दोन ठिकाणी आपटणारं दुहेरी टोक असतं, त्यामुळे पुंगळीच्या बुडावर समोरासमोर दोन खुणा उमटतात. प्रत्येक बंदुकीची खूण किंचित वेगळी. त्या खुणांवरून कुठली बंदूक माळावर कुठून कुठे सरकत गेली, हे काढता आलं. कस्टरशी लढलेल्या लाकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकन जमातींच्या योद्ध्यांच्या हाती हेन्री आणि १८६६ च्या रायफली होत्या, हे त्या तांब्याच्या टोपणांनी सांगितलं.

स्वित्झर्लंडने विंचेस्टरची चाचणी घेतली आणि मग स्वतःची बंदूक काढली. १८६९ च्या व्हेटर्लीत मागची यंत्रणा बोल्टची आहे, पण बॅरलखालची नळी, काडतूस वर उचलणारा ठोकळा आणि उजव्या बाजूचं भरायचं दार पाहिलं की ओळख पटते.

नळीची मर्यादा मात्र किंगच्या झडपेने हटणार नव्हती. नळीत प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेलं असतं. स्फोटक कडेत होतं तोवर मध्यावर टेकलेल्या नाकाचं भय नव्हतं. विंचेस्टरच्या १८७३ च्या मॉडेलमध्ये स्फोटक मध्यभागी आलं, तेव्हा गोळीचं नाक चपटं ठेवावंच लागलं. टोकदार गोळ्यांना अशी नळी धोक्याची. शिवाय काडतुसं संपत जातात तसं वजन पुढून मागे सरकतं आणि बंदुकीचा तोल दर बाराला बदलतो. १८७९ मध्ये जेम्स पॅरिस ली यांनी काडतुसं एकावर एक रचणाऱ्या, बोल्टखाली बसणाऱ्या सुट्या पेटीचं पेटंट घेतलं. तिथून ली-मेटफर्ड आणि ली-एन्फील्ड आल्या. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री याच घराण्यातली.

लीची पेटी आली म्हणून झडप गेली नाही. विंचेस्टरने १८७३ मध्ये फ्रेमचा धातू बदलला, काडतूस बदललं, वरून सरकतं झाकण दिलं. झडप ठेवली. १८८६ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या रचनेत गुडघ्याचा सांधा गेला. झडप राहिली. आजही लिव्हरची रायफल नव्याने बनते तेव्हा बहुतेक वेळा उजव्या बाजूला तेच लांबट दार असतं. विंचेस्टरच्या कडेत स्फोटक असलेल्या काडतुसांच्या बुडावर पुढे अनेक वर्षं एक 'एच' ठोकलेला असे, हेन्रीच्या आठवणीसाठी. किंगचं अक्षर कुठेच ठोकलेलं नाही. अंगठा मात्र दीडशेहून अधिक वर्षं त्यानेच काढलेल्या जागी टेकतोय.